काडीपेटीवरच्या चित्रात शिरलेली म्हातारी

गेल्या खेपेला आपण तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल बोललो होतो. आज विषय अगदीच वेगळा आहे. आज एका सिनेमाबद्दल सांगायचंय. सिनेमा म्हटलं की तीन तास, गाणी आणि मारामारी डोळ्यांपुढे येते. हा सिनेमा पंधरा मिनिटांचा आहे. यात हिरो नाही, हिरोईन नाही, खरीखुरी माणसंसुद्धा नाहीत. सगळी चित्रं आहेत, हाताने काढलेली आणि हलणारी. लेकरं टीव्हीवर कार्टून बघतात ना, त्याच जातीचं हे काम. पण हे लेकरांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. आपल्या सासूसाठी आहे, आणि उद्या आपण म्हाताऱ्या होऊ तेव्हासाठीही आहे.

सिनेमाचं नाव ‘प्रिंटेड रेनबो’, म्हणजे छापील इंद्रधनुष्य. तो केला गीतांजली राव या मुंबईच्या बाईंनी. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत त्या चित्रकला शिकल्या आणि १९९४ साली तिथून बाहेर पडल्या. नाटकांतून कामंही केली. चित्रं हलवायची विद्या मात्र त्या शाळेत शिकल्या नाहीत, काम करता करता स्वतःच शिकल्या. ‘ऑक्टोबर’ नावाच्या हिंदी सिनेमात दवाखान्यात पडलेल्या मुलीची आई तुम्हाला आठवत असेल, तर ती भूमिका याच बाईंची. ‘प्रिंटेड रेनबो’ची गोष्ट त्यांनीच रचली, चित्रं त्यांनीच काढली, दिग्दर्शनही त्यांचंच. २००६ साली हा सिनेमा फ्रान्समधल्या कान गावच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि त्याला तिथे तीन बक्षिसं मिळाली. कानचा महोत्सव म्हणजे सिनेमावाल्यांची पंढरीच समजा.

आता गोष्ट सांगते. पुरी सांगणार नाही, शेवट तर नाहीच, कारण तो बघायचाच आहे.

मोठ्या शहरातल्या एका इमारतीत एक म्हातारी राहते. एकटीच. सोबत एक मांजर. घर लहान. खिडकीतून बाहेर बघावं तर समोर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या. म्हातारी उठते, घरातलं काम करते, मांजराला खायला घालते, खिडकीशी बसते. कुणी येत नाही, कुणी जात नाही. हे सगळं करड्या रंगात काढलंय, राखेच्या रंगात म्हणा. लाल नाही, पिवळा नाही, हिरवा नाही.

पण या म्हातारीजवळ एक ठेवा आहे. तिने काडीपेट्या जमवल्या आहेत, वेगवेगळ्या छापाच्या. काडीपेटीवर चित्र असतं ना, ते. ती एखादी पेटी हातात घेते, त्या चित्राकडे बघते, आणि बघता बघता त्या चित्रात शिरते. मांजरही तिच्याबरोबर. आणि आत गेली की रंगच रंग! कागदाच्या त्या एवढ्याशा तुकड्यात केवढी तरी दुनिया उघडते. तिथे ती फिरते, तिथे तिच्या अंगात जोर असतो. मग पुन्हा करडं घर.

सिनेमात कुणी बोलत नाही, एक शब्दसुद्धा नाही. त्यामुळे तो फ्रान्समध्ये जसा कळला तसाच मंठ्यात किंवा भोकरदनमध्येही कळतो. ज्या बाईला पाटी वाचता येत नाही तिलाही तो पुरा कळतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी हे चित्र हलतं कसं ते बघू. घरी लेकरांची जुनी वही असेल तर ती घ्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चिमणी काढा. पहिल्या पानावर पंख खाली, दुसऱ्यावर थोडे वर, तिसऱ्यावर आणखी वर. मग अंगठ्याने पानं भरभर सोडा. चिमणी उडते! चिमणी उडत नसते हो, आपल्या डोळ्याला एक चित्र गेलं आणि दुसरं आलं यातली फट दिसत नाही, इतकंच. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून जातात. आता पंधरा मिनिटांचे ९०० सेकंद. गुणाकार करा, २१,६०० चित्रं होतात. बहुतेक वेळा एकच चित्र दोनदा वापरून भागवतात, तरी १०,८०० उरतात. दोनशे पानी वही घेतली आणि दर पानावर एक चित्र काढलं, तर ५४ वह्या भरतील. म्हातारीने नुसता हात वर करून कपाळावरचा घाम पुसायचा म्हटलं तरी डझन-दोन डझन चित्रं लागतात. आपल्यातल्या ज्या बायका वाकळ शिवतात त्यांना हे मी सांगायची गरज नाही. टाक्याला टाका लावत जायचं, बोटं दुखतात, आणि दिवसभरात वीतभर काम होतं.

आणि ही विद्या आपल्याकडे नवी नाही बरं का. दादासाहेब फाळके, ज्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, त्यांना आधी सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते. सावकार विश्वास ठेवीना. तेव्हा फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. पुढे ते सगळं जोडून दाखवलं तर दाण्यातून कोंब येतोय, पानं फुटताहेत, वेल वाढतोय, आणि हे सगळं मिनिटभरात! ‘अंकुराची वाढ’ म्हणतात तिला. ती बघून पैसा मिळाला. त्यांच्या बायको सरस्वतीबाई यांचे दागिनेही त्यात गेले, आणि अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मच्या पट्टीला भोकं पाडायचं कामही त्यांनी केलं, पण तो विषय मोठा आहे, त्यांच्यावर एक वेगळा भाग करू. मला सांगायचं होतं ते हे की १९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली. त्यात आगकाड्याच हलतात. म्हणजे आपल्याकडे निर्जीव वस्तू पडद्यावर हलायला लागली ती काडीपेटीतल्या काड्यांपासून, आणि नव्वद वर्षांनी गीतांजली राव यांनी त्याच पेटीवरचं चित्र हलवलं. त्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण मला याची गंमत वाटते.

काडीपेटीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण ही वस्तू आपल्या हातात दिवसातून चार वेळा येते आणि आपण तिच्याकडे बघत नाही. आपल्या घरात येते ती पेटी बहुधा तामिळनाडूतून आलेली असते. शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी या भागात काडीपेटीचे कारखाने आहेत आणि तिथे काम करणाऱ्यांत बहुतांश बायकाच आहेत. तो कोरडवाहू मुलूख आहे. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून बायका पेट्यांच्या कामाला लागल्या. आपल्या जालन्याच्या बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पेटीची किंमत चौदा वर्षं एक रुपया होती, डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन रुपये झाली.

आणि चित्र का? तर गिऱ्हाइकाला वाचता येत नव्हतं म्हणून. दुकानात जाऊन लेकरू म्हणायचं, “जहाजाची द्या”, “घोड्याची द्या”. जहाज दिसलं की पेटी ओळखली. म्हणजे जिला अक्षर येत नाही तिच्यासाठीच ते चित्र छापलेलं. चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या हातात रोज पडणारं रंगीत चित्र, कित्येक घरांत तेवढं एकच असायचं. कॅलेंडर नंतर आलं. गीतांजली राव यांनी म्हातारीला परदेशी चित्रांचं पुस्तक दिलं नाही, काडीपेटी दिली. मला हा सिनेमा आवडायचं पहिलं कारण हेच आहे.

आता कुणी म्हणेल, बाई चित्रात शिरते म्हणजे काय, असं कधी होतं का? होत नाही. या प्रकाराला शिकलेले लोक अतिवास्तव म्हणतात. शब्द अवघड आहे, पण गोष्ट आपल्या रोजच्यातली आहे. स्वप्नात काय होतं? आपण माहेरच्या विहिरीवर असतो आणि वळून बघावं तर ती विहीर सासरच्या ओसरीत असते. मेलेली आई भाकरी थापत असते आणि आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. स्वप्नात आपण विचारत नाही की हे कसं काय. आपल्या कहाण्यांतही तसंच. नाग बोलतो, नदी वाट देते, राणी सात समुद्र पार करते, आणि श्रावणात आपण हातात अक्षता घेऊन ते सगळं ऐकतो. तेव्हा कुणी हात वर करून “असं होतं का?” म्हणत नाही. हा सिनेमाही तसाच बघायचा. बाई चित्रात खरंच गेली का, हे विचारू नये. तिला तिथे का जावंसं वाटलं, ते विचारावं.

आमच्या गटाने हा सिनेमा एका संध्याकाळी एकत्र बसून बघितला. बैठक झाली होती, हप्ते लिहून झाले होते. वीस-बावीस बायका होत्या, दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांच्या मांडीवर नातवंडं. मला वाटलं होतं पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होईल. झाली नाही. संपल्यावर मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

एक जण म्हणाली, “हिला कुणी इचारत काहून नाही? इमारतीत एवढी माणसं राहत्यात, एक बी दार वाजवीना?” दुसरी म्हणाली, “मग तिनं तरी कुणाचं दार वाजवलं का?” यावर चांगली अर्धा तास बोलाचाली झाली. एकीचं म्हणणं, चित्रात रमणं म्हणजे पळवाट आहे, जितीजागती माणसं सोडून कागदात काय जीव घालायचा. एका ताईंचं म्हणणं याच्या उलट. त्या म्हणाल्या, ही बाई रडत नाही, कुणाकडे मागत नाही, जवळ आहे त्यातून तिने आपली जागा तयार केली, यात वाईट काय?

आणि मग त्या दोन म्हाताऱ्यांतली एक, जी तोवर गप्प होती, ती म्हणाली, “महं बी असंच हाय. दुपारची कुणीच नसतं घरी. मी पत्र्याची पेटी उघडते, लुगडी काढते, घड्या मोडते, परत घालते. हे लग्नातलं, हे थोरल्याच्या बारशाचं. तेवढ्यात दिवस बुडतो.” तिची सून शेजारीच बसली होती. तिने सासूकडे बघितलं. तिला हे ठाऊक नव्हतं. एकाच घरात अकरा वर्षं राहून ठाऊक नव्हतं.

मी स्वतः त्या दुसऱ्या ताईंच्या बाजूची आहे, पण पुरती नाही. पळवाट हा शब्द मला पटत नाही. जात्यावर बसून पहाटे ओव्या गाणाऱ्या बाया काय करत होत्या? घर झोपलेलं, हाताला काम, बोलायला कुणी नाही. मग जात्याशी बोलायचं, भावाशी बोलायचं जो तिथे नाही, आईशी बोलायचं जी शंभर कोसांवर आहे, विठ्ठलाशी बोलायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! आता गिरणी आली, जातं गेलं, कंबर वाचली ते चांगलंच झालं. पण ते बोलणंही त्याबरोबर गेलं. त्याच्या जागी काय आलं, हा प्रश्न हा सिनेमा बघताना माझ्या मनात येतो. आलं असेल तर मोबाइल आलाय, आणि मोबाइलमध्ये शिरलेलं माणूस परत बाहेर येतंच असं नाही.

पुरती त्या बाजूची का नाही, तेही सांगते. सिनेमातली म्हातारी रंगीत दुनियेतून परत येते तेव्हा घर तेवढंच करडं असतं. चित्राने तिचा दिवस सरतो, पण दाराबाहेरचं काही बदलत नाही. बाईंनी हे लपवलेलं नाही, कुठेही गोड केलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या म्हातारीचं. गावात कुठलं आलं एकटेपण, इथे तर शिंकलं तरी चार घरं विचारतात. खरंच तसं राहिलंय का? दिवाळी सरली की आपल्याकडच्या मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या आगेमागे येतात. पाच-सहा महिने वस्तीवर उरतात त्या म्हाताऱ्या आणि शाळेची लेकरं. कुणाचा लेक पुण्याला कंपनीत, कुणाचा संभाजीनगरला. ज्या बाईचा नवरा गेला, किंवा ज्या बाईला नवऱ्याने टाकलं, तिला हळदी-कुंकवाचं बोलावणं येत नाही. ती भरल्या गल्लीत एकटी असते. माणसं भोवती नसणं वेगळं आणि आपलं ऐकणारं कुणी नसणं वेगळं. दुसरं जास्त खातं. पहिल्यात निदान शांतता असते.

जग आता याकडे आजार म्हणून बघायला लागलंय. ब्रिटनने २०१८ साली एकटेपणाच्या प्रश्नासाठी चक्क एक मंत्री नेमला. जपाननेही २०२१ मध्ये नेमला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालात म्हटलंय की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपण जाचतं, आणि त्याने हृदयविकार, पक्षाघात यांसारखे आजार वाढतात. म्हणजे आजी “करमत नाही” म्हणते ते नुसतं म्हातारपणाचं कुरकुरणं नसतं. तिचं खाणं कमी झालंय का, झोप लागते का, एरवी बोलणारी बाई गप्प झाली का, हे बघायला पाहिजे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी फोन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे लागत नाहीत. मन फार खाली गेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ वर दिवसरात्र कुणीतरी बोलतं. दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. आशाताईंनाही सांगा.

गीतांजली राव यांचं पुढचं कामही याच वाटेवरचं आहे, ते थोडक्यात सांगते. २०१४ साली त्यांनी ‘ट्रू लव्ह स्टोरी’ नावाची छोटी फिल्म केली. मुंबईच्या रस्त्यावर जगणारे दोघे, आणि हिंदी सिनेमाने त्यांच्या डोक्यात भरलेलं प्रेम. सिनेमातलं प्रेम खऱ्या रस्त्यावर टिकतं का, असा तिचा विषय. पुढे त्यातूनच ‘बॉम्बे रोज’ हा मोठा सिनेमा उभा राहिला. तो २०१९ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाच्या सुरुवातीला दाखवला गेला आणि २०२१ मध्ये, बरोबर ८ मार्चला, महिला दिनी, नेटफ्लिक्सवर आला. तोही हाताने रंगवलेला. पण या वेळी बाई एकट्या नव्हत्या, चित्रकारांचा मोठा ताफा होता.

‘बॉम्बे रोज’मधली कमला आपल्या फार ओळखीची आहे. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातून पळून ती मुंबईला आलेली. सोबत म्हातारा आजोबा आणि धाकटी बहीण. दिवसा गजरे, फुलं विकते, रात्री बारमध्ये नाचते, बहिणीला शिकवते. काश्मीरहून आलेला सलीम तिच्यावर जीव लावतो. तो कबरींवरची फुलं उचलून विकतो. एक हिंदू, एक मुसलमान, दोघांच्याही मागे कुणी नाही. कमलाला स्वप्न पडतं तेव्हा चित्राची सगळी तऱ्हाच बदलते आणि ती जुन्या मोगल चित्रांतल्या राजकन्येसारखी दिसायला लागते. याच सिनेमात शर्ली नावाची एक म्हातारी बाई आहे. एके काळी सिनेमात काम केलेली, आता एकटी, मुलांना इंग्रजी शिकवते आणि गेलेल्या माणसाच्या आठवणीत राहते. मला ती ‘प्रिंटेड रेनबो’मधल्या म्हातारीची बहीण वाटते. खरं सांगायचं तर कमला-सलीमच्या प्रेमापेक्षा मला शर्लीच जास्त लक्षात राहिली. काही ठिकाणी हा सिनेमा रेंगाळतो, आणि इतक्या गोष्टी एकात गुंफल्यात की धागा सुटतो. तरी मोठ्या मुलींनी तो आयांबरोबर बसून बघावा. बालविवाहाबद्दल बैठकीत भाषण झालं की मुली खाली बघतात, कमलाबद्दल बोलायला त्या तयार होतात.

गटात बघायचं ठरवलंत तर मोबाइलवर नको, शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा टीव्ही मागा. दिवस मावळल्यावर बघा, कारण करड्या रंगातले बारीक फरक उन्हात दिसत नाहीत. मधे थांबवून समजावून सांगू नका, पंधराच मिनिटं आहेत. आणि संपल्याबरोबर “काय शिकलात?” असं तर मुळीच विचारू नका. आमच्याकडे एवढंच विचारलं होतं की तुमच्याजवळ अशी काय वस्तू आहे जी तुम्ही उगाच काढून बघता. एकीने सांगितलं, बापाची पानाची चंची. एकीने सांगितलं, माहेरच्या वावरातली मूठभर सरकी, चिंधीत बांधलेली, पेरायची नाही, नुसती ठेवलेली. एक जण म्हणाली तिच्याकडे काहीच नाही, आणि तिच्या बोलण्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या लुगड्यांच्या पेटीवाल्या आजी तिला म्हणाल्या, “दुपारची ये माझ्याकडं. घड्या घालायला दोघी असलेल्या बऱ्या.”